जाग्या उंदराच्या मेंदूतलं रक्त बघायचं कसं: लेझर आणि अल्ट्रासाऊंडच्या जोडीनं सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांगली-साताऱ्याकडची फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, फार्मसी, व्हेटर्नरीची पोरंपोरी हल्ली बऱ्याचदा विचारतात की ब्रेन इमेजिंगमध्ये काम करायचंय, फोटोअकूस्टिक का काय ते ऐकलंय, पण सुरुवात नेमकी कुठनं करायची. इंटरनेटवर जे सापडतं ते एकतर फार वरवरचं नाहीतर एकदम पेपर, मधलं काहीच नाही. म्हणून हे मधलं लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, या कामात लेझर अवघड नाही, सॉफ्टवेअर तर त्याहून नाही, अवघड आहे ते जाग्या जनावराला शांत ठेवणं, आणि ते शांत नसेल तर बाकी सगळं कितीही भारी असलं तरी मोजमाप चुकतं. खाली जे काही लिहिलंय ते याच हिशेबानं लिहिलंय.

आधी तत्त्व डोक्यात बसवा

लेझरचा एक पल्स, ५ ते १० नॅनोसेकंदाचा, डोक्यावर पाडायचा. रक्तातलं हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषतं, तेवढी जागा अंशाच्या हजाराव्या भागाइतकी तापते, तापली की किंचित फुगते, आणि फुगली की तिथनं दाबाची लहर निघते, तीच अल्ट्रासाऊंड. प्रकाशातनं आवाज, यालाच फोटोअकूस्टिक म्हणतात. एक हजारांश अंश तापमान वाढलं तर साधारण ८०० पास्कल दाब तयार होतो, म्हणजे ऐकायला पुरेसा, आणि मेंदूला भाजण्याचा प्रश्नच येत नाही. ही लहर डोक्याभोवती लावलेले सेन्सर ऐकतात. वळवाच्या पावसात वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानं आला यावरनं ती किती लांब पडली हे आपण ओळखतो ना, इथं तेच गणित आहे. ऊतीत आवाजाचा वेग साधारण १५०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे लेझर पडल्यावर १० मायक्रोसेकंदानं आवाज आला तर ती रक्तवाहिनी सेन्सरपासून १५ मिलिमीटरवर. नेहमीच्या सोनोग्राफीत आवाज जातो आणि परत येतो, इथं जाताना प्रकाश आणि येताना आवाज, त्यामुळे वेळ एकाच बाजूचा धरायचा. नवीन पोरं इथं दोननं भागतात आणि सगळं चित्र निम्म्यावर येतं, तेवढं लक्षात ठेवा.

मग नुसता प्रकाश का नको? तर मेंदूत शिरल्यावर साधारण एक मिलिमीटरच्या पुढं प्रकाश इतका विखुरतो की तो कुठनं आला हे सांगताच येत नाही. आवाज त्यामानानं फारच कमी विखुरतो. आणि नुसता आवाज का नको, तर आवाजाला लाल रक्त आणि काळपट रक्त यातला फरक कळत नाही, प्रकाशाला कळतो. ७५० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजन सोडलेलं रक्त जास्त शोषतं, ८५० ला ऑक्सिजन असलेलं, आणि ८०० च्या जवळपास दोन्ही सारखंच. म्हणजे दोन-तीन वेव्हलेंथ (तरंगलांबी) वापरल्या की रक्त किती आहे आणि त्यात ऑक्सिजन किती आहे दोन्ही कळायला लागतं. म्हणून ही जोडी.

प्रकाशातनं आवाज निघण्याचा हा परिणाम जुना आहे, अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८० मध्ये नोंदवलेला, पण मेंदूसाठी खरं दार उघडलं २००३ साली, जेव्हा लिहाँग वांग यांच्या टेक्सासमधल्या गटानं रॅटची (मोठ्या जातीच्या उंदराची) कातडी आणि कवटी तशीच ठेवून, मिशा हलवल्यावर मेंदूतल्या रक्तात होणारा बदल बाहेरनं दाखवला. ते रॅट मात्र भूल दिलेले होते.

मग जागंच का पाहिजे

कारण आपण बघतोय रक्त, आणि भुलीची औषधं रक्तावरच हात मारतात. आयसोफ्लुरेन घ्या, सगळीकडं वापरतात, पण त्यानं मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पेशींचं काम मंदावतं. म्हणजे मिशी हलवल्यावर जो प्रतिसाद यायचा तो आधीच बदललेला. झोपेत, भुलीत आणि जागेपणी मेंदू तीन वेगळ्या गोष्टी करतो आणि आपल्याला तिसरी बघायची असते.

पण नीट ऐका, घाबरलेलं जागं जनावर भुलीतल्या जनावरापेक्षा वाईट. भीतीनं हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास सगळं वर जातं आणि ते सगळं तुमच्या चित्रात शिरतं, वरनं ते धडपडतं त्यामुळे चित्रही हलतं. नुसतं जागं असून भागत नाही, निवांत जागं पाहिजे.

पायरी पहिली, घरी बसून लॅपटॉपवर

के-वेव्ह नावाचं मोफत टूलबॉक्स आहे, मॅटलॅबवर चालतं आणि पायथनमध्येही मिळतं. कॉलेजच्या लॅबमधला किंवा स्वतःचा साधा लॅपटॉप टूडीसाठी पुरतो. आधी एक छोटा गोल ठेवा, तीच रक्तवाहिनी, भोवती रिंगमध्ये २५६ सेन्सर लावा, सिग्नल रेकॉर्ड करा आणि परत चित्र बांधा. मग मुद्दाम बिघडवत जा. २५६ चे ३२ सेन्सर करा, चित्रभर रेघा रेघा येतील. रिंग अर्धी करा, काही कडा गायबच होतील, कारण ज्या कडेचा आवाज सेन्सरकडं जातच नाही ती दिसणार कशी. आवाजाचा वेग १५०० ऐवजी १५४० धरा, ठिपक्याचा कंस होतो. २० मिलिमीटर अंतरावर एवढ्या फरकानं अर्ध्या मिलिमीटरची चूक होते, आणि उंदराच्या मेंदूत अर्धा मिलिमीटर म्हणजे लई मोठं अंतर.

हे बिघडवण्याचे खेळ मन लावून करा. पुढं खऱ्या चित्रात घाण दिसली की ती सेन्सर कमी पडल्यामुळे आली, वेगामुळे आली का जनावर हललं म्हणून आली हे ओळखायची नजर इथंच तयार होते, दुसरीकडं कुठं होत नाही.

पायरी दुसरी, ऐकायचा सेन्सर

इथं एक धोका सांगतो. कुणीतरी म्हणेल जुनं सोनोग्राफी मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊ या. अजिबात नको. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणीशिवाय सोनोग्राफी मशीन विकता पण येत नाही आणि विकत घेता पण येत नाही, आपल्या भागात तर यावर बारीक लक्ष असतं आणि ते असायलाच पाहिजे. संस्थेमार्फत, रीतसर कागद करूनच त्या वाटेनं जायचं.

शिकायला त्यापेक्षा सोपी वाट आपल्या शेजारीच आहे. कुपवाड, किर्लोस्करवाडी, सातारा एमआयडीसी, या पट्ट्यात कास्टिंग आणि वेल्डिंग तपासायला यूटी करतात, म्हणजे धातूत आवाज पाठवून आतली भेग शोधतात. त्यातला पाण्यात बुडवून वापरायचा, ५ मेगाहर्ट्झचा, एकच एलिमेंट असलेला प्रोब आपल्या कामाचा. पाण्यात ५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर, म्हणजे बारीक केशवाहिन्या नाही पण मोठ्या शिरा वेगळ्या दिसतील इतपत. यूटी करणाऱ्या माणसाबरोबर एक दिवस बसा, जेल का लावतात, हवेचा बुडबुडा आला की सिग्नल का मरतो हे ते पुस्तकापेक्षा चांगलं दाखवतात. फरक एवढाच की त्यांचा प्रोब बोलतो आणि ऐकतो, आपला फक्त ऐकतो, त्यामुळे पल्सर (आवाज सोडणारा भाग) बंद ठेवून सिग्नल प्रीॲम्प्लिफायरमधनं, म्हणजे तो मोठा करणाऱ्या सर्किटमधनं न्यायचा. सिग्नल फार बारीक असतो, ४० ते ६० डेसिबल गेन लागतो.

असा एक प्रोब स्टेपर मोटरवर वस्तूभोवती गोल फिरवला की झाली रिंग. एका चित्राला मिनिटं लागतात, म्हणून जाग्या जनावराला हे चालत नाही, तिथं ॲरेच पाहिजे, म्हणजे एकदम ऐकणाऱ्या शेकडो एलिमेंटची रांग, पण शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पायरी तिसरी, लेझर आणि डोळे

हा भाग छोटा आहे पण यात सूट नाही. इथं वापरतात तो क्यू-स्विच एनडी-याग लेझर क्लास ४ चा, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गातला असतो, भिंतीवरनं परत आलेला प्रकाशसुद्धा डोळा घालवू शकतो, आणि १०६४ किंवा ८०० नॅनोमीटर तर नीट दिसतच नाही, त्यामुळे डोळा मिटायची प्रतिक्रियाही वेळेत होत नाही. गॉगल त्या वेव्हलेंथचा पाहिजे, हिरव्यासाठीचा गॉगल इन्फ्रारेडला उपयोगाचा नाही. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या, दाराला इंटरलॉक (दार उघडलं की लेझर बंद), बाहेर दिवा. ऑनलाईन मिळणारे पल्स डायोड आणून घरी प्रयोग करायचे नाहीत. संस्थेत, लेझर सेफ्टीचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसासमोरच.

जनावराच्या कातडीवर पडणाऱ्या उर्जेलाही हद्द आहे, माणसाच्या कातडीसाठीची मर्यादा धरूनच बहुतेक जण चालतात, दिसणाऱ्या प्रकाशासाठी एका चौरस सेंटीमीटरला पल्समागं २० मिलिज्यूल, १०६४ ला १००. काम भागत असेल तर त्याच्या बरंच खाली राहा.

पायरी चौथी, चायना ग्रासचं डोकं

जनावराच्या आधी फँटम, म्हणजे चाचणीसाठीचं खोटं डोकं, याला पर्याय नाही. किराणा दुकानात जेलीसाठी चायना ग्रास मिळतं तेच आगर. १०० मिली पाण्यात साधारण २ ग्रॅम, उकळून पूर्ण विरघळू द्या, थोडं कोमट झालं की चमचाभर दूध घाला म्हणजे प्रकाश विखुरायला लागतो, नाहीतर नुसतं पारदर्शक जेलीत सगळंच सोपं वाटतं. पाणी आधी उकळून गार केलेलं घ्या, त्यात विरघळलेली हवा कमी असते, आणि हवा हीच आपली खरी दुश्मन, ऊतीतनं हवेत जाताना अल्ट्रासाऊंडचा जवळजवळ सगळा भाग परत फिरतो. मेकॅनिकल पेन्सिलच्या ०.५ मिलिमीटरच्या शिशाचे तुकडे मोजून १० मिलिमीटर अंतरावर उभे खोचा. ग्रॅफाइट काळं, मस्त शोषतं.

आता चित्र काढा आणि शिसांमधलं अंतर मोजा. १० आलं का? नसेल तर पाण्याचं तापमान बघा. २० अंशाला पाण्यात आवाज १४८२ नं जातो, ३० ला १५०९ नं, आणि मे महिन्यात मिरजेच्या खोलीत सकाळ-दुपारचा फरक बराच पडतो. थर्मामीटर टाकीतच ठेवा. सुरुवातीलाच एक उभा मोठा काटा दिसला तर तो लेझरच्या वीजपुरवठ्याचा गोंगाट, अर्थिंग तपासा, केबल छोटी करा. लेझरचा प्रत्येक पल्स सारखा नसतो म्हणून बाजूला एक फोटोडायोड लावून प्रत्येक वेळची ऊर्जा नोंदवा आणि सिग्नलला त्यानं भागा, कारण पुढं आपण शोधणार आहोत ते बदल थोडक्या टक्क्यांचे असतात.

फँटमचं चित्र आठवडाभर रोज सारखंच येईपर्यंत जनावराचा विचारसुद्धा करू नका. सेटअप नीट नसताना जनावर आणणं म्हणजे त्याला फुकट त्रास देणं.

पायरी पाचवी, परवानगी

भारतात हे काम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतं, सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, तिच्याकडं नोंदणी झालेल्या संस्थेतच करता येतं आणि प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडनं मंजूर व्हावा लागतो. परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी भरताना जनावरं किती, का तेवढीच, वेदना कशी कमी करणार, जनावराशिवाय भागेल का, हे सगळं लिहावं लागतं. हे कटकट म्हणून भरू नका. १९५९ पासून जगभर मानली गेलेली तीन तत्त्वं याच्या मागं आहेत: जमेल तिथं पर्याय वापरा, संख्या कमी करा, पद्धत सुधारा. या इमेजिंगची एक खरी जमेची बाजू इथंच आहे, तेच जनावर आठवडेच्या आठवडे परत परत बघता येतं, त्यामुळे एकूण जनावरं कमी लागतात.

जनावर नोंदणीकृत ब्रीडरकडनंच आणायचं. आणि तुमच्या कॉलेजला ॲनिमल हाऊस नसेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा, मिरजेचं मेडिकल कॉलेज जवळ आहेत, तिथल्या एखाद्या शिक्षकांना भेटून, पत्र लिहून विचारा की यात एकत्र काम कसं करता येईल. इंजिनिअर आणि पशुवैद्य एका टेबलावर बसल्याशिवाय हे काम होतच नाही.

पायरी सहावी, ओळख करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. डोकं स्थिर ठेवायला कवटीवर एक हलकी पट्टी डेंटल सिमेंटनं बसवतात. ती शस्त्रक्रिया पूर्ण भुलीत, वेदनाशामक देऊन, प्रशिक्षित माणसानंच करायची, लेख वाचून शिकायची ती गोष्ट नाही. पण त्याच्या आधीपासनं जनावराला तुमच्या हाताची सवय झाली पाहिजे. शेपटीला धरून उचलू नका, ओंजळीत घ्या नाहीतर नळीत शिरू द्या आणि नळीसकट उचला, असं केलं की उंदीर कमी घाबरतात हे नीट अभ्यासलेलं आहे. रोज त्याच वेळी, त्याच माणसानं. सेंट, अत्तर लावून जायचं नाही. ही रात्रीची जनावरं आहेत, म्हणून खोलीचं दिवस-रात्र चक्र उलटं करून त्यांच्या जागेपणी काम करतात.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरू द्या, वजन पूर्ववत होऊ द्या, मगच डोकं पकडायची सवय. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, लेझर नाही, पाणी नाही, नुसतं पकडायचं आणि तोंडासमोर कंडेन्स्ड मिल्कचा थेंब धरायचा. पहिल्यांदा जनावर थेंबाकडं बघतसुद्धा नाही. कान मागं, डोळे अर्धे मिटलेले, मिशा ताठ, पाय ताणलेले. काही दिवसांनी कधीतरी जीभ बाहेर येते आणि थेंब चाटून जाते. त्यानंतर मिशा पुढं-मागं हलायला लागतात, हवा हुंगायला लागतं, पुढचे पाय वर करून तोंड पुसायला बघतं. मिशा हलायला लागल्या की समजायचं आता हे निवांत व्हायला लागलंय. मगच वेळ वाढवायची, दहा, वीस, तीस मिनिटं. डोळ्याभोवती लालसर स्राव दिसला, सारखी लेंडी टाकत असेल, ओरडत असेल तर तिथंच थांबा, सोडा, उद्या परत कमी वेळानं. काहींना सवय होतच नाही, त्यांना प्रयोगातनं काढायचं, जबरदस्ती करायची नाही.

पायाखाली हवेवर तरंगणारा थर्माकोलचा गोळा दिला तर बरंच सोपं जातं, उंदराला पळावंसं वाटलं तर पळता येतं आणि डोकं हलत नाही.

आणि आवाजाची सवय लावायला विसरू नका. लेझरचा टिकटिक आवाज सेकंदाला दहा वेळा येतो, उंदराला तो ऐकू येतो आणि मेंदूचा कानाचा भाग पेटतो, तुम्हाला वाटतं मिशीचा प्रतिसाद आला. म्हणून लेझरचं शटर बंद ठेवून नुसता आवाज आधी कित्येक दिवस ऐकवा. मोजमापाचे मेगाहर्ट्झ त्यांना ऐकू येत नाहीत पण ८० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे आपल्याला शांत वाटणारा पॉवर सप्लाय त्यांना किंचाळत असू शकतो. खोलीतली नको असलेली उपकरणं बंदच करा. दिसणारा प्रकाश वापरत असाल तर डोळ्यांना आडोसा द्या.

पायरी सातवी, प्रत्यक्ष दिवस

डोक्यावरचे केस पूर्ण काढलेले पाहिजेत, एक काळा केस राहिला तरी तो प्रकाश शोषून चित्रात ओरडतो. जेल लावण्याआधी ते शरीराच्या तापमानाला आणा, गार जेल डोक्यावर पडलं की जनावर दचकतं आणि आठवड्याची सवय एका मिनिटात जाते. जेलमधले बुडबुडे काढा. वर पाण्याची पिशवी किंवा पातळ प्लास्टिकचा तळ असलेली टाकी, त्यात ॲरे.

लगेच मोजायला लागू नका, दहाएक मिनिटं जनावराला तसंच राहू द्या. मग उजव्या बाजूच्या मिशा हवेच्या हलक्या फुंकरीनं काही सेकंद हलवा, प्रतिसाद मेंदूच्या डाव्या भागात येतो आणि रक्त वाढायला सेकंद-दोन सेकंद जातात, पेशींइतकं ते झटपट नसतं. दोन फुंकरींमध्ये अर्धा मिनिट तरी सोडा म्हणजे रक्त परत मूळ पातळीवर येतं. आणि मध्येमध्ये खोट्या फुंकरी ठेवा, आवाज तोच पण हवा मिशीला न लागणारी. कॅमेऱ्यानं पूर्ण वेळ जनावराचं रेकॉर्डिंग करा, डोळ्याची बाहुली आणि पाय दोन्ही दिसले पाहिजेत. यूपीएस तपासून ठेवा, मध्येच लाईट गेली तर अख्खं सेशन जातं आणि जनावराला परत बसवावं लागतं.

पायरी आठवी, डेटा बघताना

सगळ्यात आधी व्हिडिओ बघा, चित्र नंतर. ज्या वेळी उंदीर पळत होता ते ट्रायल (एकेका फुंकरीची नोंद) वेगळे काढा, कारण नुसतं पळण्यानंही मेंदूतलं रक्त वाढतं. मग उरलेल्यांची सरासरी, आणि खऱ्या फुंकरीतनं खोटी फुंकर वजा. डाव्या बाजूला बदल दिसला आणि उजव्या बाजूला तेवढा नाही, तर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन्हीकडं सारखाच दिसला तर बहुतेक जनावर घाबरलंय नाहीतर रक्तदाब हललाय.

ऑक्सिजनच्या आकड्यांवर सुरुवातीला फार जोर देऊ नका. ७५० आणि ८५० चा प्रकाश खोलवर सारख्या प्रमाणात पोचत नाही, त्यामुळे वरच्या शिरेत बरोबर आलेला टक्का खालच्या शिरेत चुकतो. त्यासाठी प्रकाश किती खोल किती पोचला याचं मॉडेल लागतं, ते नंतर शिका. तोपर्यंत एकाच जागेचा आधी आणि नंतर बदल एवढंच बोला.

आणि कुणाला पहिला निकाल दाखवायचा असेल तर नुसतं रंगीत चित्र पाठवू नका. त्याच दिवसाचं फँटमचं चित्र, खोट्या फुंकरीचं चित्र, किती ट्रायल घेतले आणि किती का टाकले, जनावराचं त्या दिवशीचं वजन, एवढं बरोबर जोडा. सेशन संपलं की जेल कोमट पाण्यानं पुसून काढा, कान आणि डोळ्यात गेलेलं नाही ना बघा, थेंबभर जास्तीचं दूध द्या आणि पिंजऱ्यात सोडल्यावर ते खायला लागतंय का ते बघूनच खोली बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत वजन, आणि ते घसरलेलं दिसलं तर त्या दिवशी सेशन नाही.